दिव्यांग प्रमाणपत्र : आजाराचे नाव नव्हे, अडचण सांगा

आटगाव-शहापूर भागात दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरायला बसलो की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "काय त्रास होतो?" उत्तर बहुधा दोन शब्दांत येते. "सिकलसेल आहे." "पाय अधू आहे." काही जण तर डॉक्टरांसमोरही संकोचाने "तसं बरं आहे, चालतंय" म्हणतात आणि हक्काचे दार स्वतःच लोटून घेतात. म्हणून आमचे सांगणे एवढेच : आजारामुळे रोजचे कोणते काम अडते, ते सांगा.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे वरून न दिसणारे आजारही आता यादीत आहेत. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेलाही हीच अट आहे. दिव्यांगांसाठी त्यात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. अर्ज तहसील कार्यालयात जातो.

टक्के कसे ठरतात?

दृष्टी, श्रवण, सांध्यांची हालचाल यांची तपासणी करून मोजमाप होते. मानसिक आजारात मात्र स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम या चार बाबींना ० ते ४ गुण देतात. आजार किती काळ आहे, हेही धरतात. इथे रुग्णाचे आणि घरच्यांचे सांगणे फार मोलाचे ठरते.

कसे सांगावे?

• "चालवत नाही" एवढेच नको. "स्टेशनचा जिना चढताना दोनदा थांबावे लागते, गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहता येत नाही."

• "अशक्तपणा आहे" नको. "विहिरीवरून भरलेला हंडा आणता येत नाही, भातलावणीला तासाभरात बांधावर बसावे लागते."

• "अंग दुखते" नको. "वर्षात चार वेळा असह्य वेदना झाल्या, दोनदा दाखल केले, एकदा रक्त चढवले." सोबत रुग्णालयाची कागदपत्रे जोडा.

• "मन थाऱ्यावर नसते" नको. "आंघोळ-जेवणासाठी मागे लागावे लागते, एकट्याला बाजारात पाठवता येत नाही, काम सुटले."

ही फक्त उदाहरणे आहेत. आपल्याला जे खरेच होते, तेच सांगायचे. बऱ्या दिवसासोबत वाईट दिवसही सांगा आणि असे दिवस महिन्यात किती येतात तेही सांगा. औषध घेऊनही काय उरते, कोणाची मदत लागते, हे सांगायला विसरू नका.

जाण्यापूर्वी

दोन-तीन महिने वहीत तारखेसह नोंद ठेवा. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, तपासणी अहवाल तारखेप्रमाणे लावा. सिकलसेलचा वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यांत फरक आहे, त्यामुळे अहवालात काय लिहिले आहे ते आधी पाहा. रोज सोबत राहणारे माणूस बरोबर न्या. आपण लाजून जे गाळतो, ते तेच सांगते. एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते, म्हणून आधार कार्ड, रहिवासी पुरावा, फोटो आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा.

वाढवून सांगू नका

खोटेपणाने लाभ घेतल्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय एका खोट्या दाव्यामुळे पुढच्या खऱ्या रुग्णाकडेही संशयाने पाहिले जाते.

निर्णय मान्य नसेल तर

कलम ५९ नुसार अपील करता येते. त्यासाठी ठरावीक मुदत असते. म्हणून निर्णयाचा कागद आणि त्यावरची तारीख जपून ठेवा. टक्के कमी मिळाले तर कोणती अडचण नोंदली गेली नाही, ते नेमके लिहा. इथे वहीतली नोंद पुन्हा कामी येते.

मदत मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. हा कायद्याने दिलेला हक्क आहे. दुखणे झाकू नका, फुगवूही नका. जसे आहे तसे सांगा.