बंदुकीची कल्हई

मनुष्यानें हत्यार हातीं धरिलें त्या दिवसापासून एक जुना वाद त्याच्या पाठीस लागला आहे. हत्यार जड असेल तर तें टिकतें, पण वाहणारा थकतो. हलकें असेल तर वाहणारा ताजातवाना राहतो, पण ऐन वेळीं तें दगा देईल कीं काय, ही धास्ती त्याच्या मनांतून जात नाहीं. तलवारीच्या काळीं हा वाद लोहाराच्या ऐरणीवर मिटे. रायफलीच्या काळांत तो कारखान्यांत, प्रयोगशाळेंत आणि शेवटीं एका चौकशी-समितीपुढें गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेनें या वादाचा निकाल कसा लाविला आणि तिच्या तरुण शिपायांना त्याची काय किंमत द्यावी लागली, ती हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. शस्त्रविद्येंत आम्हांस गति आहे असा आमचा दावा नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें लक्षांत घ्यावें असें या हकीकतींत पुष्कळ आहे.

रायफल म्हणजे पोलाद आणि अक्रोडाचें लांकूड, हें समीकरण फार काळ चालत आलें होतें. वजन कमी करावयाचें तर आहे त्यांतूनच थोडें थोडें कोरून काढावयाचें, हा एकच उपाय ठाऊक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनीं जंगलांतील लढाईसाठीं आपल्या नेहमींच्या ली-एन्फील्ड रायफलीची एक आखूड आवृत्ति काढली. नळी छाटली, लांकूड कमी केलें, पोलादांतूनहि जागोजाग धातु काढून टाकला. वजन सव्वातीन किलोंच्या आंत आलें. पण खांद्याला बसणारा धक्का वाढला, आणि एकदां जुळविलेला नेम ठिकाणावर राहत नाहीं अशी तक्रार सुरू झाली. १९४७ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. जुन्याच पदार्थांतून वजन खरवडून काढण्याला मर्यादा आहे, हें त्यावरून दिसून आलें.

तेव्हां पदार्थच बदलावा, हा विचार पुढें येणें स्वाभाविक होतें. आणि तो विमानांच्या कारखान्यांतून आला. फेअरचाइल्ड या विमान-कंपनीनें १९५४ मध्यें आर्मालाइट नांवाची शाखा काढली. तेथील यूजीन स्टोनर या कल्पक गृहस्थानें रायफलीचा मधला गाभा, म्हणजे जेथें सारी यंत्रणा बसते तो भाग, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला आणि दस्ता लांकडाऐवजीं प्लॅस्टिकचा. स्फोटाचा मुख्य दाब सोसावयाचा तो नळीनें आणि तिला अडकणाऱ्या पोलादी खटक्यानें. मग भोंवतालचें कवच जड कशाला, असा त्याचा बिनतोड हिशेब होता. पण उत्साहाच्या भरांत कंपनीनें एक पाऊल अधिक टाकिलें. ए. आर. १० या नमुन्याला पोलादाच्या पातळ अस्तरावर अ‍ॅल्युमिनियम चढविलेली नळी बसविण्यांत आली. स्टोनरचा या गोष्टीस विरोध होता. १९५७ च्या प्रारंभीं स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत कसोटी चालू असतां ती नळी फुटली. त्याच वर्षीं सैन्यानें पोलाद-लांकडाची, चार किलोंहून जड अशी एम १४ रायफल मान्य केली.

स्टोनरची विद्या मात्र वायां गेली नाहीं. त्याच तत्त्वावर, पण साध्या पोलादी नळीची, लहान काडतुसाची ए. आर. १५ रायफल तयार झाली. १९५९ मध्यें तिचे हक्क कोल्ट कंपनीनें घेतले, आणि पुढें तीच एम १६ या नांवानें प्रसिद्धीस आली. तिचें वजन सुमारें तीन किलो, आणि एका काडतुसाचें वजन एम १४ च्या काडतुसाच्या जवळजवळ निम्में. म्हणजे तेवढाच भार वाहून शिपायाला दुप्पट गोळ्या नेतां येऊं लागल्या. व्हिएतनामच्या रानांत हा लाभ लहान नव्हता. तरीहि जुन्या शिपायांचा त्या काळ्या प्लॅस्टिकवर विश्वास बसेना. हें खेळण्यांच्या कारखान्यांतलें हत्यार आहे, अशी त्यांनीं तिची थट्टा मांडली.

ही थट्टा लवकरच कडू झाली. १९६५ च्या अखेरीपासून ही रायफल व्हिएतनाममध्यें मोठ्या प्रमाणावर जाऊं लागली, आणि ती ऐन लढाईंत अडकते अशा तक्रारी येऊं लागल्या. उडालेल्या काडतुसाचें टरफल आंतच रुतून बसे. मग नळी साफ करण्याची सळई पुढून घालून तें ठोकून काढावें लागे, आणि तेवढ्या वेळांत समोरचा शत्रु कांहीं थांबत नसे. १९६७ च्या वसंतऋतूंत खे सानच्या टेकड्यांवरील झुंजीनंतर शिपायांचीं पत्रें घरीं पोहोंचलीं. बिघडलेली रायफल उघडून दुरुस्त करीत असतांनाच सोबती मारले गेले, अशा बातम्या त्यांत होत्या.

आतां दोष कोणाचा? कोणीहि म्हणेल, अ‍ॅल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिकचा. परंतु मुख्य दोष त्यांचा नव्हता. तो होता पोलादांत, ज्याच्यावर सर्वांचा पूर्ण विश्वास होता त्याच धातूंत!

आमच्या लहानपणीं कल्हईवाला दारावर आला म्हणजे घरोघरचीं पितळेचीं पातेलीं बाहेर निघत. पातेलें जाड असो कीं पातळ, आंतली कल्हई उडाली कीं त्यांतली आमटी कळकली म्हणून समजावें. रायफलीलाहि अशीच एक कल्हई असते. नळीच्या मागच्या टोंकाला जेथें काडतूस बसतें, ती पोकळी उष्णता, दमट हवा आणि दारूची राख यांनीं गंजते. बार उडतांच काडतुसाचें पितळी टरफल फुगून भिंतीस चिकटतें. भिंत गुळगुळीत असेल तर तें लगेच सुटतें, गंजानें खड्डे पडले असतील तर तेथेंच रुततें. यावर उपाय म्हणजे क्रोमियमचा कागदाहूनहि पातळ मुलामा. पॅसिफिकमधील दमट बेटांवरच्या अनुभवानें अमेरिकन सैन्य हें शिकलें होतें, आणि एम १४ ला तो मुलामा दिलेलाहि होता. एम १६ ला मात्र दिला नाहीं. रायफल पूर्णपणें सिद्ध झालेली आहे, तींत फेरफार नकोत आणि खर्च वाढूं नये, अशी वरिष्ठांची वृत्ति होती.

त्यांत आणखी दोन चुकांची भर पडली. ज्या दारूवर रायफलीची पारख झाली होती ती बदलून दुसरी दारू वापरण्यांत आली. तिनें यंत्रणेची गति वाढली आणि काजळीहि. आणि बाराचा वायु सरळ यंत्रणेंत परत यावा अशी रचना असल्यामुळें ती काजळी आंतच साचे. दुसरी चूक म्हणजे या रायफलीला साफसफाई फारशी लागत नाहीं असा समज पसरला होता, आणि साफ करण्याचीं साधनेंहि पुरेशीं धाडलीं गेलीं नाहींत.

प्रतिनिधिगृहाचे सभासद रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या उपसमितीनें १९६७ च्या ऑक्टोबरांत आपला अहवाल दिला, आणि सैन्यांतील जबाबदार अधिकाऱ्यांचा हलगर्जीपणा जवळजवळ गुन्ह्याच्या हद्दीस पोंचतो असा ठपका ठेविला. पुढें क्रोमियमचा मुलामा आला, दारूंत सुधारणा झाली, सफाईचें साहित्य मिळालें, आणि विल आयस्नर या चित्रकाराकडून निगेची सचित्र पुस्तिका करवून शिपायांच्या हातीं देण्यांत आली. अ‍ॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक होतें तेथेंच राहिलें. रायफल मात्र भरंवशाची झाली.

त्याच काळीं रशियांत काय चाललें होतें तें पाहिलें म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कलाश्निकोव्हच्या रायफलीचा गाभा १९४९ मध्यें दाबून घडविलेल्या पत्र्याचा करावयाचें ठरलें होतें. पण तें काम साधेना, तेव्हां रशियनांनीं कांहीं वर्षें पोलादाच्या ठोकळ्यांतून कोरलेला जड गाभा वापरला. पत्र्याची विद्या हातीं आल्यावरच, १९५९ मध्यें, ते एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याकडे परतले आणि वजन सुमारें किलोभर घटविलें. ही सारी काटकसर करतांना नळींतला क्रोमियमचा मुलामा मात्र त्यांनीं सोडला नाहीं.

नवा पदार्थ नेहमींच निर्दोष असतो, असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या इन्सास रायफलीचीं प्लॅस्टिकचीं मॅगझिनें १९९९ च्या कारगिल युद्धांत थंडीनें तडकल्याच्या तक्रारी झाल्या, आणि एम १६ ची १९८३ ची आवृत्ति नळी व दस्ता मजबूत केल्यामुळें पूर्वीपेक्षां जड झाली. पदार्थाची परीक्षा जेथें तो वापरावयाचा त्याच हवेंत व्हावी लागते.

पण आमच्या मतें या इतिहासाचें खरें मर्म वेगळेंच आहे. हलकेपणा आणि टिकाऊपणा यांचा तराजू सर्वांनीं मोठ्या गंभीरपणें धरिला होता. आणि जी वस्तु टिकाऊपणा देणार होती, तिचें वजन त्या पोकळीपुरतें पाहिलें तर गुंजांत मोजावें इतकें अल्प होतें. नवें होतें तें डोळ्यांत भरलें, म्हणून त्याची हजारदां पारख झाली. जुनें आणि खात्रीचें होतें त्याकडे कोणीं वळून पाहिलें नाहीं. वजन वांचविण्यानें माणसें दगावलीं नाहींत; एका पातळ मुलाम्याची किंमत वांचविण्यानें, दारू बदलून रायफल पुन्हा न पारखण्यानें आणि साफसफाईच्या दोन सळया न धाडण्यानें दगावलीं. पातेलें विकत घेतांना आपण तें हातांत तोलून पाहतों. आंत वाकून कल्हई पाहणारी गृहिणी त्या शस्त्रतज्ज्ञांहून शहाणी म्हटली पाहिजे.