आठ गुंठ्यांत मावणारा खेळ : हँडबॉल जगात कुठं, आपल्या जिल्ह्यात कुठं?

भंडारा : गावात हँडबॉलचं नाव काढलं की लोक विचारतात, “फुटबॉलमध्ये चेंडू हाताला लागला की शिटी वाजते, तेच ना?” तेच नाही. हँडबॉल हा वेगळा आणि पूर्ण खेळ आहे. तो ऑलिम्पिकमध्ये आहे. आपल्या मुलामुलींच्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीतही आहे, 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन गटांत. तरी आपल्याकडे तो कबड्डी, खो-खोसारखा घराघरांत पोचला नाही. का पोचला नाही आणि पोचू शकतो का, हे समजायला आधी खेळ समजून घेऊ.

खेळ कसा असतो?

एका बाजूला सात खेळाडू, त्यातला एक गोलरक्षक. मैदान 40 मीटर लांब, 20 मीटर रुंद. म्हणजे 800 चौरस मीटर, आपल्या हिशेबात जेमतेम आठ गुंठे. चारी बाजूंची मोकळी जागा धरली तरी दहा गुंठ्यांत काम होतं. गोलपोस्ट 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच.

चेंडू हातानं खेळायचा. हातात धरून तीनपेक्षा जास्त पावलं टाकता येत नाहीत आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तो धरूनही ठेवता येत नाही. त्यामुळे पास द्या, टप्पा मारा किंवा गोलवर फेका. गोलपासून 6 मीटरवर अर्धगोलासारखी रेषा असते. तिच्या आत फक्त गोलरक्षकानं उभं राहायचं. म्हणून खेळाडू रेषेबाहेरून उडी घेतो आणि पाय जमिनीला लागायच्या आत चेंडू फेकतो. बघायला मजा येते ती यातच. मोठ्यांचा सामना 30-30 मिनिटांच्या दोन डावांचा असतो. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. धसमुसळेपणा केला तर दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासच्या वर गोल होणं यात नवलाचं नाही.

सुरुवात शाळेतूनच

हा खेळ मोठ्या स्टेडियममधून आलेला नाही. डेन्मार्कमधले शाळामास्तर होल्गर निल्सन यांनी 1906 मध्ये त्याचे नियम छापले. पुढे जर्मनीत तो अकरा खेळाडूंचा, उघड्या मैदानावरचा खेळ झाला आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तसाच खेळला गेला. उत्तर युरोपात हिवाळ्यात बर्फ पडतं, म्हणून तिकडं तो हॉलमध्ये शिरला आणि सात जणांचा झाला. हा प्रकार 1972 ला म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी आला, 1976 ला माँट्रियलमध्ये महिलांसाठी.

आज आंतरराष्ट्रीय महासंघाचे सदस्य देश 200 च्या वर आहेत. जानेवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला युरोपीय स्पर्धेच्या पहिल्या दिवशी 53,586 प्रेक्षक बसले होते. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्कच्या पुरुषांनी आणि नॉर्वेच्या महिलांनी सुवर्ण घेतलं. हा खेळ फक्त युरोपचा आहे असंही नाही. दक्षिण कोरियाच्या मुलींनी 1988 आणि 1992 ला ऑलिम्पिक सुवर्ण नेलं होतं.

आपल्यासाठी सगळ्यात बोलकं उदाहरण आइसलँडचं. या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत. 2011 च्या जनगणनेनुसार एकट्या भंडारा जिल्ह्याची बारा लाख. म्हणजे आपल्या एक-तृतीयांश माणसांच्या देशानं 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये हँडबॉलचं रौप्यपदक जिंकलं. लोकसंख्या कमी म्हणून खेळाडू मिळत नाहीत, हे कारण इथं चालत नाही.

भारतात काय चाललं आहे?

भारतात हा खेळ 1972 च्या सुमारास हरियाणातून रुजला. दिल्लीच्या 1982 च्या आशियाई स्पर्धेत हँडबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला. ऑलिम्पिकला मात्र आपला संघ आजवर पोचलेला नाही. तरी मार्च 2022 मध्ये कझाकस्तानात भारताच्या ज्युनिअर मुलींनी आशियाई विजेतेपद मिळवलं. 2023 मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली, त्यात ‘महाराष्ट्र आयर्नमेन’ विजेता ठरला. ही बातमी आपल्याकडे कितीजणांनी वाचली असेल?

हिमाचल प्रदेशात बिलासपूर जिल्ह्यात मोरसिंघी नावाचं गाव आहे. तिथं स्नेहलता या शिक्षिकेनं मुलींसाठी हँडबॉलची नर्सरी उभी केली. या नर्सरीच्या मुली भारतीय संघात खेळल्या आहेत. शहर नाही, नावाजलेलं क्रीडा संकुल नाही, पण रोज मैदानावर उभी राहणारी एक बाई होती.

अडचण कुठं आहे?

आपल्याकडची अडचण हीच आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत खेळासाठी वेगळा शिक्षक सहसा नसतो. मोठ्या शाळांत असला तरी त्याला दहा खेळ आणि वरून इतर कामं. मग स्पर्धा आठ दिवसांवर आली की कबड्डीची उंच पोरं गोळा करून संघ पाठवायचा, असं होतं. ती पोरं दमाची असतात, पण सहा मीटरच्या रेषेत पाय टाकतात आणि चेंडू जातो. स्पर्धांचा हंगाम रोवणी-पावसाच्या दिवसांत सुरू होतो, तेव्हा मैदानात चिखल. युरोपसारखे हॉल आपल्याकडे नाहीत. म्हणून सराव फेब्रुवारीपासून सकाळच्या वेळी सुरू झाला तरच उपयोग.

यात मुलांचं नुकसान खरं आहे. शालेय स्पर्धेत जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढल्या तर दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळू शकते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. ज्या खेळात संघ कमी, त्यात पुढं जायला जागा जास्त. मात्र प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून कुणी कुठल्याही स्पर्धेला पैसे मागून नेत असेल, तर ती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे पालकांनी आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावं.

सुरुवात करायची तर

शाळेजवळची कोरडी, सपाट जागा घ्या. 131 फूट बाय साडेपासष्ट फूट मोजून चुन्यानं आखा. लहान मुलांसाठी याहून छोटं मैदानही चालतं. गोलच्या दोन्ही खांबांना 6 मीटरची दोरी लावून दोन बाजूंचे गोलवे काढा आणि मध्ये 3 मीटरची सरळ रेषा जोडा, की आतली हद्द तयार. गोलपोस्ट सुरुवातीला बल्ल्यांचे चालतील, पण ते जमिनीत पक्के रोवा. सैल पोस्ट पोरांच्या अंगावर पडतो. चेंडू वयाप्रमाणे लहान-मोठा घ्या. मोठ्यांचा चेंडू लहान मुलीच्या हातात बसत नाही, आणि मग तिला खेळ जमत नाही असं आपणच ठरवून टाकतो.

तुमसर, मोहाडीपासून लाखांदूर, पवनीपर्यंत सातही तालुक्यांत दहा गुंठे मोकळी जागा असलेल्या शाळा निघतील. प्रत्येक तालुक्यात एका शाळेनं आणि एका शिक्षकानं वर्षभर हा खेळ धरून ठेवला, तर पुढच्या वर्षी जिल्हा स्पर्धेत सात तयार संघ उतरतील. वाढ म्हणतात ती इथूनच सुरू होईल.