तबकडीवादक, सुवाह्य : स्मृती व ऊर्जाबचत
सुवाह्य (सहज नेता येण्याजोग्या) तबकडीवादकात ध्वनीची अंकीय माहिती अर्धवाहक स्मृतीत आगाऊ साठवून ठेवतात व तेवढा वेळ फिरत्या भागांना विश्रांती देतात. घटमालेतील ऊर्जा वाचविण्याची ही पद्धती टप्प्याटप्प्याने विकसित झाली.

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली १२ सेंमी. व्यासाची कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये जपानात विक्रीस आली. सोनीचा डी–५० हा सुवाह्य वादक १९८४ मध्ये निघाला. तबकडीवरील माहितीमार्ग लेसर शलाकेसमोरून सेकंदाला १·२ ते १·४ मी. या स्थिर वेगाने जावा लागतो. त्यासाठी तबकडी आतील बाजूस मिनिटाला सु. ५००, तर बाहेरील बाजूस सु. २०० फेरे घेते. चलित्र व लेसर अखंड चालू राहिल्याने घट लवकर संपत. शिवाय चालताना धक्का बसला की संगीत तुटे.

स्मृतीचा वापर १९९० नंतर सुरू झाला तो या दुसऱ्या दोषावर उपाय म्हणून. तबकडी अधिक वेगाने वाचून पुढील काही सेकंदांचे संगीत साठविले जाई आणि वाचन खंडित झाले, तरी वादन साठ्यातून चालू राही. मात्र जलद परिभ्रमण व स्मृती यांचा भार वाढून अनेक वादकांत घट उलट लवकर संपत. म्हणून ही सोय बंद करण्याची कळ दिलेली असे. संकोचन न केलेल्या ध्वनीस सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात. त्यामुळे १·६८ कोटी बिटांची स्मृतीही सु. १२ सेकंदांत रिकामी होते. एवढ्या अल्प विश्रांतीतून होणारी बचत तबकडी पुन्हा गतिमान करण्यात बरीचशी खर्ची पडते.

माहितीचे संकोचन केल्यावर हे गणित बदलले. सोनीच्या मिनीडिस्कमध्ये (१९९२) ध्वनीची माहिती सु. एक-पंचमांश केलेली असल्याने वाचन थांबून थांबून करता येई. सेकंदाला १,२८,००० बिट लागणारे एमपी३ पद्धतीचे संगीत वरील स्मृतीत दोन मिनिटांहून अधिक काळ पुरते. ॲपल कंपनीच्या आयपॉड (२००१) या वादकात चुंबकीय तबकडी व ३२ मेगॅबाइट स्मृती होती. तीत सु. २० मिनिटांचे संगीत मावत असल्याने तबकडी बराच काळ स्थिर राही.

पुढे फ्लॅश स्मृती स्वस्त झाल्यावर संपूर्ण संग्रहच तीत ठेवता येऊ लागला. २००५ मध्ये आयपॉड मिनी या तबकडीयुक्त वादकाची जागा फ्लॅश स्मृतीवरील आयपॉड नॅनोने घेतली, तर चुंबकीय तबकडीच्या आयपॉडची विक्री ॲपलने २०१४ मध्ये थांबविली.