ताम्रपटातली नाव



आपल्या बचत गटाचं रजिस्टर उघडा. तारीख, हजर, जमा, रक्कम, कर्ज, मुदत, वसूल, बाकी, हिशेब. हे सगळे शब्द मूळचे अरबी. बहुतेक फारसीतून, दख्खनच्या सुलतानांच्या कारभारातून मराठीत आले. पण अरबस्तानाशी आपल्या किनाऱ्याचं नातं त्या सुलतानांहून कितीतरी जुनं आहे. आज तेच सांगायचं आहे.

विठ्ठलवाडीला लागून असलेलं कल्याण दोन हजार वर्षांपूर्वी मोठं बंदर होतं. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. तेव्हा समुद्रावर वाऱ्याचा हुकूम चाले. एका वाऱ्याने अरबी गलबतं इकडे यायची आणि वारा उलटा फिरला की परत जायची. तोवर थांबणं भागच होतं. थांबता थांबता काही जण इथेच राहिले, इथेच त्यांचे संसार झाले.

सुरुवात गोडच होती असं नाही. बलाझुरी नावाच्या अरब इतिहासकाराने लिहिलंय की 636 च्या सुमारास ओमानहून ठाण्यावर आरमारी स्वारी झाली. खलिफा उमर यांना ती मुळीच पसंत पडली नाही, हेही त्यानेच नोंदवलंय. पुढे मात्र व्यापार वाढला. 916 च्या सुमारास मसूदी हा अरब लेखक आज रायगड जिल्ह्यात असलेल्या चौलला आला. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती दिसली. ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक होते आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलंही होती. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता.

हे झालं अरबांनी लिहिलेलं. आता आपल्या बाजूचा पुरावा बघू. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला जुने ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे 926 सालचा, संस्कृतातला. तेव्हा इथे राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचं राज्य होतं. संजाण भागाचा कारभार मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपट त्याला ताजिक म्हणतो, म्हणजे अरब. मधुमती हे महंमद या नावाचं संस्कृत रूप.

या अरब अधिकाऱ्याने काय केलं? दोन प्रवाहांवर फुकट नाव ठेवली. अन्नछत्र उघडलं, तिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. संजाणला देवीचा एक मठ होता. राजाच्या परवानगीने त्याने मठाला एक गाव आणि काही जमीन दान दिली. त्यातून मठाची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि नऊ जणांचं जेवण चालायचं होतं.

मैत्रिणींनो, त्या नावेचा विचार करा. डोक्यावर पाटी, कडेवर मूल घेऊन नदीकाठी उभ्या बाईला पैसे नसले की पलीकडचा बाजार बंद. फुकट नावेचं मोल तिला विचारावं. नाव ठेवणारा कुठल्या मुलखाचा, हा प्रश्न तिच्या लेखी दुसरा.

आपल्याकडे मात्र तो पहिला विचारला जातो. नवी बाई गटात यायची म्हटली की कुजबुज सुरू होते, "ही कुठली? किती दिवस टिकणार?" विठ्ठलवाडीत तर हे मुळीच शोभत नाही. 1947 च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी शेजारचं उल्हासनगर वसवलं. कोणी घाटावरून आलं, कोणी कोकणातून, कोणी उत्तरेतून. आणि आज कोकणातलेच कितीतरी जण पोटासाठी मस्कत, कुवेत, दुबईला जातात. आपलं माणूस तिकडे परकं असतं तेव्हा त्याला कसं वागवावं असं आपल्याला वाटतं?

म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. गटात नवी बहीण आली तर नियम सर्वांना आहेत तेच लावा, बचत, हजेरी, परतफेड. तिचं गाव विचारा, ओळख व्हावी म्हणून. गावावरून तिला दाराबाहेर ठेवू नका. संजाणच्या त्या कारभाऱ्याचं नाव हजार वर्षांनी आज आपण घेतोय, ते त्याच्या नावेमुळे आणि अन्नछत्रामुळे.