मुन्शीचा पगार : गोरेगावच्या चित्रसृष्टीतील लेखक

लेखणीवर उपजीविका करणाऱ्यास समाजाने जी नावे दिली, त्यांतून त्याच्या स्थितीचा इतिहास पुष्कळसा वाचता येतो. पारशी रंगभूमीवरील नाटककार ‘मुन्शी’ म्हणविला जाई. बोलपट आला तेव्हा संवादलेखकासही हेच नाव चिकटले. मुन्शी म्हणजे दरबारचा लेखनिक. धन्याचे मनोगत नीटनेटक्या शब्दांत उतरविणे हे त्याचे काम; त्या शब्दांवर त्याची मालकी असू शकते, ही कल्पनाच त्या नावात बसत नाही. चित्रपटलेखकाच्या अस्थैर्याचे मूळ मोबदल्याच्या तुटपुंजेपणात शोधण्याची प्रथा आहे. वस्तुतः ते या मालकीच्या प्रश्नात आहे, आणि गोरेगावचा इतिहास त्याची साक्ष देतो.

मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून (स्थापना १९३४) फुटून शशधर मुखर्जी, अशोककुमार, रायबहादूर चुनीलाल व ज्ञान मुखर्जी यांनी १९४३ साली गोरेगावात फिल्मिस्तान काढली. अशा संस्थांत नट, तंत्रज्ञ व लेखक मासिक वेतनावर असत. सआदत हसन मंटो व उपेंद्रनाथ अश्क हे नामांकित कथाकार फिल्मिस्तानच्या पदरी होते. ‘आठ दिन’ (१९४६) या चित्रपटाची कथा मंटोंची. त्यात मंटो व अश्क या दोघांनी भूमिकाही केल्या. पगारी लेखकाने वेळ पडल्यास तोंडाला रंगही लावावा, हे त्या व्यवस्थेस धरूनच होते. ही चाकरी सर्वांस मानवली असे नव्हे. प्रेमचंद १९३४ साली वर्षाला आठ हजार रुपयांच्या करारावर मुंबईस आले आणि वर्ष उलटण्याच्या आत परतले. मंटो मात्र १९४८ च्या जानेवारीत लाहोरची वाट धरीपर्यंत येथे रमले होते.

पगाराची किंमत कायद्यात लिहिलेली होती. १९१४ च्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, नोकरीत केलेल्या लेखनाचा पहिला स्वामी मालकच ठरे. १९५७ च्या कायद्याने हे तत्त्व कायम ठेवले. दरम्यान स्वतंत्र निर्माते पुढे येऊन स्टुडिओंची पगारी पद्धत मोडली. लेखकाचा पगार गेला, पण मालकी परत आली नाही. चाकरीतील सुरक्षितता संपली आणि चाकरीचा कायदा तेवढा उरला.

मराठी लेखकाने चित्रपटावर सर्वस्वी विसंबण्याचे सहसा टाळले. आचार्य अत्र्यांच्या हाती वृत्तपत्र होते. ग. दि. माडगूळकर गीते, पटकथा, कथा आणि अभिनय अशा अनेक अंगांनी वावरले. विजय तेंडुलकरांची उमेदीची वर्षे वृत्तपत्रांत गेली. ‘सामना’ (१९७५) लिहिला तेव्हा नाटककार म्हणून ते प्रस्थापित होते. लहान प्रेक्षकवर्गाच्या भाषेतील हे व्यावहारिक शहाणपण होते. त्याला निःस्पृहता म्हणणे ही समीक्षकांची भाबडी हौस होय.

१९७७ साली महाराष्ट्र शासनाने गोरेगावात चित्रनगरी उभारली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गीतकार-संगीतकारांच्या दाव्यात निर्णय दिला की, मोबदला देऊन चित्रपटासाठी काम करवून घेणारा निर्माताच, उलट करार नसल्यास, त्याचा पहिला स्वामी होय. हे पारडे पुष्कळ अंशी फिरविण्यास २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. चित्रपटगृहाबाहेरील वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनात लेखकाचा समान वाटा मान्य झाला, आणि तो करारानेही सोडून देता येणार नाही असे ठरले. ‘पगार’ व ‘मानधन’ हे शब्द देणाऱ्याच्या बाजूने बोलतात; ‘स्वामित्वधन’ हा शब्द घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो. मान्य झालेला वाटा हाती पडणे ही मात्र निराळी गोष्ट. चित्रनगरीत चित्रित होणाऱ्या दैनंदिन मालिकांच्या लेखकास आजही मोबदला बहुधा भागागणिक मिळतो, आणि मालिका एकाएकी बंद झाली की पुढील महिन्याची तजवीज त्याची त्यालाच करावी लागते. २०२५ साली फिल्मिस्तानची जागा एका गृहबांधणी कंपनीने १८३ कोटी रुपयांस घेतली.