घरामागची गल्ली

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडे जाहिराती गोळा करण्याचे काम असते, लेख लिहिण्याचे नाही. यंदा आमचे चिटणीस चहाला आले, मागच्या दारातून डोकावले आणि म्हणाले, "तुमच्या त्या बागेचे काय झाले? तेच लिहा की!" बाग अजून पुरती झालेली नाही. पण तिच्यापायी ज्या गल्लीची माहिती काढत मी वर्षभर हिंडलो, त्या गल्लीची हकिगत सांगण्यासारखी आहे. मी डिप्लोमावाला इंजिनिअर. रेल्वेच्या वर्क्स खात्यात क्वार्टर्स, गटारे आणि कुंपणभिंती यांत बावीस वर्षे गेली. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

आम्ही राहतो मल्लेश्वरमला. इथले काडु मल्लेश्वराचे देऊळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे. गावाकडचे पाहुणे आले की मी हे आवर्जून सांगतो. परमुलखात राहणाऱ्या माणसाला तेवढाच आधार! पण हा झाला पुढच्या दाराचा इतिहास. मागच्या दाराचा इतिहास मला ठाऊकच नव्हता.

आमच्या घरांच्या दोन रांगा एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत आणि मधून जेमतेम दहा फुटांची एक गल्ली जाते. मुंबईकर तिला घरगल्ली म्हणतील. इथे तिचे नाव 'कॉन्झर्व्हन्सी लेन'. जुन्या मल्लेश्वरममध्ये आणि बसवनगुडीत अशा पुष्कळ गल्ल्या आहेत. आमच्या गल्लीत मोडके कमोड, विटांचे तुकडे, दोन गंजलेल्या स्कूटर आणि उंदीर एवढा ऐवज होता. करोनाच्या काळात सगळेच घरी अडकले, तेव्हा मागच्या खिडक्या उघडू लागल्या आणि चौदा घरांपैकी कोणीतरी म्हणाले, इथे बाग का करू नये? बोलणे तेव्हाच निघाले. हालचालीला पुढे चार वर्षे लागली.

अर्ज करायचा तर जागा कोणाची, कशासाठी सोडलेली, हे सांगावे लागते. ते शोधता शोधता मी थेट प्लेगपर्यंत पोहोचलो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उमटला. १८९७ मध्ये पुण्यात काय झाले, रँडचा वध कशामुळे झाला, हे आपण शाळेत शिकलो. पुढे ही साथ कुठे गेली हे मात्र आपल्या पुस्तकात नव्हते. ती दक्षिणेकडे सरकली, आणि सरकली ती रेल्वेने. पुण्याहून हुबळी, हुबळीहून हरिहर आणि हरिहरहून तुमकूरमार्गे बंगळूर अशी मीटरगेजची वाट तोवर जोडली गेली होती. गाड्या चालवत होती सदर्न मराठा रेल्वे. बंगळुरात साथ शिरली ऑगस्ट १८९८ मध्ये. पहिला रोगी म्हणून नोंद आहे ती हुबळीहून गाडीने आलेल्या, रेल्वेच्याच एका अधिकाऱ्याच्या बटलरची. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. तोच मार्ग, आता ब्रॉडगेज झालेला, आमच्या मल्लेश्वरम स्टेशनवरून जातो आणि रात्री गाडीची शिटी अंथरुणात ऐकू येते.

माणसे जुन्या पेठेतून पळाली. गावात 'प्लेगम्मा'ची देवळे उभी राहिली. त्यांतली काही आजही पूजेत आहेत. सरकारने ठरवले की दाटीवाटी मोडली पाहिजे, घराला हवा आणि ऊन मिळाले पाहिजे. मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्यातून दादरची हिंदू कॉलनी, माटुंगा वगैरे वस्त्या झाल्या. बंगळुरात त्याच लाटेत बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही उपनगरे वाढली. सरळ रस्ते, प्रशस्त प्लॉट, संपिगे म्हणजे सोनचाफ्याच्या आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंबाच्या नावाचे रस्ते. आणि घरांच्या पाठीमागे ही गल्ली.

गल्ली कशासाठी? घरमालकाच्या नजरेला न पडता मैला काढून नेण्यासाठी. संडास परसात शेवटी. त्याला मागून छोटे दार. पहाटे सफाई कामगार मागून यायचे, टोपली भरायचे आणि मागूनच जायचे. पुढच्या रस्त्यावर सोनचाफा, मागच्या रस्त्यावर हे. नगररचनेचे कौतुक करताना आपण ही अर्धी गोष्ट गाळतो. मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी १९७० च्या दशकात राज्यात डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घातली, तिकडे भुयारी गटारेही आली आणि गल्लीचे काम संपले. मागची छोटी दारे विटांनी बुजवली. आमच्या भिंतीवर त्या चौकटीचा आकार अजून दिसतो.

पहिली बैठक गच्चीवर झाली. गाड्या ठेवायला जागा हवी म्हणणारे चार जण होते, ते अपेक्षितच. 'बंगळूर हे बागांचे शहर' यावर एका निवृत्त प्राध्यापकांनी छान भाषण केले. हैदरअलीने १७६० मध्ये लालबाग सुरू केली, तिथपासून. त्यात मला एक आपला धागा सापडला. १९०८ मध्ये लालबागेत आलेले क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ त्याआधी बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी रस्त्याकडेच्या झाडांची निवड त्यांनी केली. ते मूळचे सॅक्सनीचे. त्यांच्याच मुलखात, लाइपझिगमध्ये, १८६० च्या दशकात मुलांच्या मैदानाकडेला वाफे घातले गेले आणि त्यातून शहरी लोकांनी वाटून घेतलेल्या छोट्या बागांची चळवळ जर्मनीभर पसरली. लालबाग बघायची बाग. आमची व्हायची होती खणायची बाग. दोन्हींत फरक आहे.

मी रेल्वेचे उदाहरण दिले. 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेखाली रुळांकडेची पडीक जमीन कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी परवान्याने दिली जायची. भाजी मिळायची हे खरेच, पण मोकळी जागा कसणारा असला की तिच्यावर झोपडी उठत नाही, हा खात्याचा हिशेब त्यामागे होता. हे बोलून मी विजयी मुद्रेने खाली बसलो.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, "त्या मातीतली भाजी आमच्या स्वयंपाकघरात येणार नाही." पाठोपाठ आणखी दोघे. मी आरोग्याच्या बाजूने उत्तर द्यायला लागलो. मैला थांबून पन्नास वर्षे होत आली, माती तपासून घेऊ, विटांचे उंच वाफे बांधून बाहेरची माती भरू. पण प्रश्न जंतूंचा नव्हता, हे सगळ्यांनाच कळत होते.

शेजारच्या अज्जी शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून एक बाई मागून यायची. किती वर्षे आली. मला तिचे नाव माहीत नाही. ती आली की सासूबाई खिडकी लावायला सांगायच्या. खिडकी मीच लावायची." त्यांनी एवढेच सांगितले. त्यानंतर बैठक लवकर आटोपली.

माझेही सांगतो. चाचणी खड्डा घ्यायचा ठरला, तेव्हा मी मजूर बोलावला आणि स्वतः पायरीवर उभा राहून खोली मोजत राहिलो. एरवी साइटवर मी गटारात उतरायला मागेपुढे पाहत नाही. संध्याकाळी सौ. म्हणाली, "आज बूट घरात घेताना दोनदा धुतलेत, रोज नाही धुवत." मी काही बोललो नाही. दुसरा खड्डा मी खणला. वर फूटभर राडारोडा, खाली बंगळूरची तांबडी माती, चांगली भुसभुशीत.

गल्लीखालून आज मलवाहिनी जाते आणि तीन मॅनहोल आहेत. सकाळी रस्ता झाडणाऱ्या पौरकार्मिक बाईंना आम्ही नकाशा दाखवला. त्या म्हणाल्या, "बाग करा, पण झाकणांवर कुंड्या ठेवू नका. मशीनची नळी आत गेली नाही तर माणसाला उतरवतात." २०१३ च्या कायद्याने ते बंद व्हायला हवे, हे मला माहीत होते, नकाशा काढताना ते डोक्यात आले नव्हते. आता प्रत्येक झाकणाभोवती पाच फूट जागा मोकळी सोडली आहे आणि मुळे खोल जाणारे एकही झाड यादीत नाही. त्या बाईंसाठी एक वाफाही धरला आहे. त्यात काय लावायचे ते त्या ठरवतील.

अर्ज गेला आहे. २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या, तेव्हा अर्जावरचा पत्ता बदलून तो पुन्हा दिला. लेखी परवानगी येईपर्यंत बांधकाम नाही, फक्त साफसफाई आणि एक कच्चा वाफा, असे ठरले. त्यात भाजी नाही. तडजोड म्हणून दुर्वा लावल्या. कानडीत दुर्वांना गरिके म्हणतात आणि गणपतीला त्या इथेही लागतातच. मग त्यावरही वाद झाला, कारण भाजी पोटात जाणार, पण दुर्वा तर देवाच्या डोक्यावर! मत घेतले. नऊ घरे बाजूने, पाच विरुद्ध. त्या पाचांपैकी दोघे हल्ली संध्याकाळी पाणी घालायला येतात, मत मात्र बदललेले नाही म्हणतात.

गेल्या रविवारी अज्जी नातवाचा हात धरून गल्लीत आल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. वाफ्याशी खाली बसता येईना, म्हणून नातवाला सांगून त्यांनी एकवीस दुर्वांची जुडी खुडून घेतली आणि विटांनी बुजवलेल्या त्यांच्या त्या मागच्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. दार पुन्हा उघडायला किती खर्च येईल, असे त्यांनी मला विचारले. लोखंडी चौकट, विटा काढणे, उंबऱ्याचा दगड आणि मजुरी धरून मी त्यांना अंदाजपत्रक करून दिले आहे.