मेथाडोनचा पेला आणि हजेरीचा शिरस्ता

अमेरिकेत 1914 साली अफूजन्य मादक द्रव्यांच्या व्यवहारावर नियंत्रण ठेवणारा हॅरिसन कायदा जारी झाला आणि पाच वर्षांनी वेब खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की, व्यसनाधीनाची नित्याची मात्रा चालू राहावी एवढ्याच हेतूने लिहिलेल्या चिठ्ठीला वैद्याची चिठ्ठी म्हणता येत नाही. तेव्हापासून जवळजवळ अर्धशतक व्यसनाच्या या आजाराची दखल वैद्यकापेक्षा फौजदारी दप्तरांतच अधिक घेतली गेली. केंटकी प्रांतातील लेक्सिंग्टन येथे 1935 साली उघडलेली सरकारी संस्था रुग्णालयही होती आणि तुरुंगही. तेथून बरे होऊन गेलेले बहुसंख्य लोक पुन्हा हेरॉइनकडे वळतात, हे तेथे काम केलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. मारी नायस्वांडर यांना पुरते ठाऊक होते.

1964 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत, चयापचयाचे अभ्यासक डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्यासह, नायस्वांडर यांनी काही रुग्णांना प्रथम मॉर्फीन देऊन पाहिले. त्याचा अंमल थोड्याच तासांत उतरे, मात्रा वाढतच जाई, आणि रुग्ण दूरचित्रवाणीसमोर बसून पुढल्या सुईची वाट पाहण्यापलीकडे काही करीत नसत. मग दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेले, तोंडाने घ्यावयाचे आणि दिवसभर पुरणारे मेथाडोन सुरू केले, तेव्हा त्याच माणसांपैकी एकाने चित्रे काढण्यासाठी रंग मागितले आणि दुसऱ्याने शिक्षण पुरे करण्याची इच्छा बोलून दाखविली. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात केवळ 22 रुग्णांची हकीकत होती. परंतु माझ्या मते त्या संख्येहून त्या रंगांच्या मागणीचे मोल अधिक आहे, कारण औषधाने तलफ शमविली एवढेच नव्हे, तर माणसाचा दिवस त्याचा त्याला परत मिळाला.

सरकारने मात्र हा परत मिळालेला दिवस पुन्हा वेठीस धरला. 1972 च्या नियमांनी मेथाडोन मान्यताप्राप्त केंद्रांपुरते मर्यादित केले. आरंभी तरी जवळजवळ रोज तेथे जाऊन, परिचारिकेच्या देखत पेला रिता करावा लागे, आणि काही दिवसांची मात्रा घरी नेण्याची मुभा सद्वर्तनाची साक्ष पटल्यावर मिळे. ज्याला भल्या सकाळी कामावर रुजू व्हायचे त्याने या रांगेत उभे राहून नोकरी कशी टिकवावी, याचा विचार नियम करणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. अर्धशतकाच्या अर्जविनंत्यांनी जे साधले नाही ते 2020 च्या महासाथीने साधले: स्थिरावलेल्या रुग्णांना 28 दिवसांपर्यंतची मात्रा घरी नेता येऊ लागली, आणि ही सवलत 2024 साली नियमांतच कायम करण्यात आली.